माणदेशात फाशी असावी का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलं संगणकावर ‘देश चालवण्याचे’ खेळ खेळतात आणि त्यातून त्यांना नागरिकशास्त्र आपसूक कळतं, अशा आशयाचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत आला होता. लेख बरा होता, पण लिहिणाऱ्याने खेळ स्वतः खेळून पाहिलेला दिसत नाही. मी पाहिला आहे, अजूनही खेळते. त्यात फाशीची शिक्षा ठेवायची की नाही, असा प्रश्न एके दिवशी समोर येतो. माझी सगळी नोकरी सेशन कोर्टात स्टेनो म्हणून गेली, तेव्हा निदान या एका प्रश्नावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं समजते.

खेळाचं नाव नेशनस्टेट्स. ऑस्ट्रेलियातल्या एका कादंबरीकाराने २००२ मध्ये आपल्या येऊ घातलेल्या कादंबरीची जाहिरात म्हणून तो इंटरनेटवर फुकट उपलब्ध केला. कादंबरी येऊन जुनी झाली तरी खेळ चालूच आहे. अकरावीतल्या नातीने मला त्यात देश काढून दिला. देशाचं नाव, राष्ट्रीय प्राणी, चलन, ब्रीदवाक्य सगळं आपणच द्यायचं. माझं माहेर आटपाडीकडचं, म्हणून देश ‘माणदेश’, प्राणी खिलार बैल, चलन ढब्बू आणि ब्रीदवाक्य ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’. नात म्हणाली, आजी, हे काय, जरा भारी काहीतरी घे ना. म्हटलं, आमच्याकडे यापेक्षा भारी काही नाही.

मग रोज सरकारपुढे प्रश्न येतात. एकेका प्रश्नाखाली तीन-चार माणसं आपापलं म्हणणं मांडतात, सगळीच जरा अतिरेकी, कारण खेळाचा बाज मुळात थट्टेचा आहे. ज्याचं पटेल त्याच्याखालचं बटण दाबायचं, नाहीतर प्रश्न फेटाळून लावायचा. लगेच एका ओळीत निकाल येतो आणि खाली हिरव्या-लाल आकड्यांत कळतं की नागरी हक्क इतके घटले, अर्थव्यवस्था इतकी सुधारली. मला मौज वाटते. दुपारच्या मालिका बघण्यापेक्षा बरं.

फाशीचा प्रश्न आला तेव्हाही तोच प्रकार. खुन्यांना जन्मभर पोसायचं कशाला, असं म्हणणारा एक. सरकारने कुणाचा जीव घेऊच नये, असं म्हणणारी एक. आणि असल्या प्रश्नात हटकून असतो तसा, याहून भयंकर काहीतरी सुचवणारा एक. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि नातीला विचारलं, “यात हायकोर्ट कुठं आहे?”

“अगं आजी, गेम आहे. एक क्लिक कर.”

तिने तिच्या देशात केव्हाच फाशी चालू करून टाकली होती आणि गुन्ह्यांचा आलेख खाली आल्याचं ती मला अभिमानाने दाखवत होती. तो किती खाली यावा, हे खेळ लिहिणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं, हे तिला सांगून पटेना. खऱ्या देशात तसा आलेख कुणाला काढता आलेला नाही. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये २६२वा अहवाल दिला. जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक जास्त बसतो याला पुरावा नाही, असं म्हणून त्यांनी दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी अशी शिफारस केली. त्याआधी १९६७च्या अहवालात याच आयोगाने फाशी राहू द्या असं सांगितलं होतं. म्हणजे आयोगाचंही मत बदलायला जवळपास पन्नास वर्षं लागली, आणि इथे नातीचा देश एका दुपारीत सुधारला.

पण माझं मुख्य म्हणणं धाक बसतो की नाही याबद्दल नाही. माझं म्हणणं त्या बटणाबद्दल आहे. फाशी ही कुणी एकाने एकदा दाबायच्या बटणासारखी गोष्ट आहे, असं खेळ दाखवतो, आणि आपण सगळे, वर्तमानपत्रं धरून, तिच्याकडे तसंच बघतो.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. दोषी ठरवल्यावर शिक्षेबद्दल आरोपीला वेगळं ऐकून घ्यावं लागतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २३५(२). माझ्या काळात हे ऐकणं बहुतेक वेळा त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी उरकायचं. साहेब विचारायचे, शिक्षेबद्दल काही सांगायचंय का? आरोपी काय सांगणार? आई म्हातारी आहे. लहान पोरं आहेत. घरी कमावणारं कुणी नाही. हे मी इतक्या वेळा टाइप केलंय की साहेब सांगायच्या आत बोटं चालायला लागायची. एखादा तर नुसता हात जोडून उभा राहायचा, मग ‘काही सांगायचे नाही’ असं लिहायचं. त्या अर्ध्या पानावर एका माणसाचं सगळं आयुष्य तोलायचं असायचं. फाशी सुनावण्याआधी आरोपीचं बालपण, मानसिक स्थिती, तुरुंगातलं वागणं याची माहिती सरकारनेच कोर्टापुढे ठेवली पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात बजावलं. तोवर मी निवृत्त झाले होते.

एका खटल्यात मी फाशीचं डिक्टेशन घेतलंय. गाव आणि वर्ष सांगत नाही. कागद उडतात म्हणून साहेबांनी पंखा बंद करायला लावला होता. बाकी निकालपत्र ते नेहमीच्या वेगाने सांगत गेले, पण शेवटच्या हुकुमाशी आल्यावर त्यांनी आरोपीचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गावातलं टोपणनाव, वय, राहणार, सगळं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं आणि माझ्याकडून परत वाचून घेतलं. वॉरंटवरचं नाव आणि निकालपत्रातलं नाव यांत एका वेलांटीचा फरक राहायला नको, एवढंच कारण. मग मरेपर्यंत गळफास, हे ठरलेलं वाक्य. त्याच्या लगेच खाली, हायकोर्टाने शिक्कामोर्तब केलं तरच ही शिक्षा अमलात येईल, हेही तितकंच ठरलेलं वाक्य. फाशी दिली की न्यायाधीश पेनाचं निब मोडतात ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. हे दुसरं वाक्य फारसं कुणाला माहीत नसतं.

त्यानंतर आरोपीला तीस दिवसांत अपील करता येईल हे समजावून सांगायचं, निकालाची प्रत त्याला फुकट द्यायची, त्याने सही किंवा अंगठा द्यायचा. मग आमच्या शिरस्तेदारांचं काम सुरू. सगळी ‘आर अँड पी’, म्हणजे मूळ कागदपत्रं, पानं क्रमांक घालून, सूची जोडून मुंबईला पाठवायची. आरोपीने अपील केलं नाही तरी ती जातातच, कारण सेशन कोर्टाची फाशी आपोआप हायकोर्टापुढे कायम करण्यासाठी जाते. तिथे निदान दोन न्यायमूर्तींनी ती तपासायची. मग सुप्रीम कोर्ट. मग पुनर्विचार याचिका. मग राज्यपाल, राष्ट्रपती. आमच्या त्या खटल्यात हायकोर्टाने फाशीची जन्मठेप केली. सेशनचा निकाल लागला तेव्हा कोर्टाच्या आवारात गाड्या लावायला जागा नव्हती आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर बातमी होती. हायकोर्टाचा निकाल आला तो एका लिफाफ्यातून. शिरस्तेदारांनी उघडला, नोंद केली, फाइलला लावला. पेपरात मी शोधला. आला असेल तर माझ्या नजरेतून निसटला असेल इतका बारीक.

हे फक्त माझ्या एका खटल्याचं दुखणं नाही. नाशिक जिल्ह्यातलं २००३ मधलं ते प्रकरण आठवून बघा. शेतातल्या झोपडीवर दरोडा, पाच जणांचे खून, बलात्कार. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. सेशन कोर्टाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने २००७ मध्ये तिघांची कायम ठेवली, तिघांची जन्मठेप केली. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. पुढे त्याच सुप्रीम कोर्टाने प्रकरण पुन्हा उघडलं आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. घटनेत जखमी होऊन वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चार जण ओळखले होते आणि पोलिसांनी तो धागा धरलाच नव्हता, हे त्या निकालपत्रात लिहिलंय.

सहा, तीन, सहा, शून्य. तीच माणसं, तेच कागद. आपल्या वाचकांपैकी कितींना शेवटचं शून्य माहीत आहे? आणि ज्या घरातली पाच माणसं गेली, त्यांना काय मिळालं? त्यांचे खरे खुनी तर सोळा वर्षं मोकळेच राहिले. निर्दोष माणसाला फासापर्यंत नेण्याचा हा दुसरा हिशेब फाशी मागणाऱ्यांनीही मांडायला हवा.

आणखी एक जुनं प्रकरण आहे, उत्तर प्रदेशातलं. एकाच गुन्ह्यात, साधारण सारख्याच सहभागासाठी तिघांना फाशी झाली. तिघांचे अर्ज सुप्रीम कोर्टाच्या वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेले. एकाची फाशी जन्मठेपेत बदलली. एकाला ६ ऑक्टोबर १९८१ रोजी फासावर चढवलं. तिसऱ्याचा दोर अगदी ऐनवेळी थांबला, आणि मग सुप्रीम कोर्टानेच राष्ट्रपतींकडे त्याच्या दयेची शिफारस केली. हरबन्स सिंग खटला म्हणून कायद्याच्या पुस्तकांत तो शिकवतात. ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ गुन्ह्यालाच फाशी, हे बच्चन सिंग खटल्यात १९८० मध्ये ठरलं, तेव्हा पाचातले एक न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी विरोधी मत दिलं होतं. फाशी होणार की नाही हे समोर कोणतं खंडपीठ आहे यावर अवलंबून राहतं, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता. हरबन्स सिंग प्रकरण म्हणजे त्याचा धडधडीत पुरावा.

आणि वेळ. नातीच्या देशात निर्णय झाला की आकडे तिथल्या तिथे हलतात. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींना कोल्हापूरच्या कोर्टाने २००१ मध्ये फाशी सुनावली. हायकोर्टाने २००४ मध्ये, सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये ती कायम केली. दयेचा अर्ज २००८ मध्ये गेला, तो २०१४ मध्ये फेटाळला गेला. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने फाशीची जन्मठेप केली, कारण दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला लागलेला अवाजवी उशीर. गुन्हा सौम्य होता असं कुणीच म्हटलं नाही. सरकारी टेबलांवर फाइल पडून राहिली, म्हणून. २००७ साली पुण्यात कॉल सेंटरमधल्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यातल्या दोघांचंही तेच. दयेचे अर्ज हाताळायला आणि वॉरंट काढायला झालेल्या उशिरापायी हायकोर्टाने २०१९ मध्ये त्यांची फाशी रद्द केली आणि सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल कायम केला. फाशी हवी म्हणणाऱ्यांनी मोर्चे काढायचेच असतील तर असल्या टेबलांवर काढावेत.

कुणी म्हणेल, कसाबचं कसं चार वर्षांत झालं? झालं खरं. २६ नोव्हेंबर २००८चा हल्ला, मे २०१० मध्ये शिक्षा, फेब्रुवारी २०११ मध्ये हायकोर्ट, ऑगस्ट २०१२ मध्ये सुप्रीम कोर्ट आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी. त्याने माझी झोप उडाली नाही, हे खरं सांगते. माझ्या पिढीने पुण्यातलं जोशी-अभ्यंकर हत्याकांड आणि १९८३ मधल्या त्या चार फाशा पाहिल्यात. संध्याकाळी सातनंतर दारं लावून बसलेलं पुणं ज्यांनी अनुभवलं, त्यांच्यापुढे फाशीविरोधी प्रवचन करायची माझी छाती नाही. पण कसाबसारखा पुरावा किती खटल्यांत असतो? सेशन कोर्टात बसून मी जे पाहिलं ते वेगळं होतं. फितूर झालेले पंच, उशिरा घेतलेले जबाब, मुद्देमालाच्या चिठ्ठीवर खाडाखोड, आणि आरोपीला सरकारकडून मिळालेला, पहिल्याच तारखेला फाइल बघणारा वकील.

२००४ पासून आजवर या देशात आठ जणांना फाशी झाली आहे. तुरुंगांत फाशीची शिक्षा डोक्यावर घेऊन बसलेले पाचशेच्या वर आहेत. या दोन आकड्यांच्या मधे जे काही आहे, ते आमच्यासारख्या कारकुनांनी पानं मोजून पाठवलेल्या कागदांत आहे. खेळात ते नाही याबद्दल माझी तक्रार नाही. खेळ थट्टेसाठी आहे, आणि तसं तो लपवतही नाही.

तक्रार आहे ती आपल्या विधिमंडळाबद्दल. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी शक्ती विधेयक एकमताने मंजूर केलं. त्यात बलात्काराच्या काही गुन्ह्यांना फाशी होती, तपास आणि खटला ठरावीक दिवसांत संपवायची तरतूदही होती. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने तो कायदा झालाच नाही. पण मला खटकलं ते एकमत. ज्यांच्या जिल्ह्यात सेशन न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या आहेत, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत महिनोन् महिने तारखा पडतात, त्यांनीही हात वर केले. हा माझ्या नातीचाच क्लिक झाला, फक्त इतिवृत्तात नोंदलेला.

आणि थोडी तक्रार आपल्याबद्दलही, रागावू नका. एखाद्या खटल्यात फाशी सुनावली की आपल्या संकेतस्थळावर वाचकांचा कौल येतो. ‘फाशी योग्य वाटते का? होय, नाही, सांगता येत नाही.’ दुपारपर्यंत होय नव्वद टक्क्यांवर. तिसऱ्या पर्यायावर बोट ठेवणारी मी बहुधा एकटीच असेन, कारण निकालपत्र कुणी वाचलेलंच नसतं. कौल घेणाऱ्यानेही नसतं.

माझ्या माणदेशाचं विचाराल तर मी फाशी ठेवली नाही. नात म्हणाली, आजी, तू सॉफ्ट आहेस. म्हटलं, सॉफ्ट नव्हे, माझ्या देशात अजून हायकोर्ट बांधून व्हायचंय. दुसऱ्याच मिनिटाला कुठल्यातरी आकड्यापुढे लाल बाण आला आणि माणदेशात गुन्हे वाढल्याचं मला कळलं. ते मी सोसते.

तेव्हा विनंती एवढीच. आपल्या पत्राने महाराष्ट्रात सुनावल्या गेलेल्या फाशीच्या शिक्षांची एक साधी वही ठेवावी. कोणत्या कोर्टाने, कोणत्या तारखेला, कोणत्या गुन्ह्यासाठी, एवढ्याच नोंदी. आणि त्यातल्या प्रत्येकीचं हायकोर्टात, सुप्रीम कोर्टात, राष्ट्रपतींकडे काय झालं, ते जेव्हा होईल तेव्हा छापावं. पहिली बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर, निदान चार ओळी. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाची निकालपत्रं संकेतस्थळावर फुकट मिळतात, त्यासाठी वार्ताहराला मुंबईला पाठवायची गरज नाही. खटल्याचा क्रमांक कसा शोधायचा हे अडलं तर मी फोनवर सांगू शकते. दुपारी दोन ते चार सोडून.

कळावे,
आपली नियमित वाचक
(निवृत्त लघुलेखक, सातारा)

ता. क. : पत्र छापल्यास नाव देऊ नये. ज्या खटल्याचा उल्लेख केला आहे त्यातले दोन्ही बाजूंचे लोक अजून हयात आहेत.